सव्वाशे लिटरांची मांडामांड

साताऱ्यात घरी समुद्र पाळणारी माणसं फार नाहीत. माझे मामेसासरे त्यांतले एक. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी आली: दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण सव्वाशे लिटर. आत क्लाउनफिशची जोडी, एक लाल-पांढरी कोळंबी आणि खडकांवर वाढलेली मऊ प्रवाळं. हे खडक मागच्या काचेला टेकवून रचलेले आहेत आणि तीच रचना आता मामांना बघवत नाही. त्यांना सगळं मोडून नव्याने मांडायचंय. माझी बायको, म्हणजे त्यांची भाची, सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मामांना टाकीत कोपरापर्यंत हात घालू देऊ नये, असं तिचं मत. दोघांचं बोलणं मी जवळजवळ होतं तसं उतरवलंय. राहवलं नाही तिथे मध्ये तोंड घातलंय.

मामा: बघ जरा समोरून. डावीकडून उजवीकडे एकाच उंचीची भिंत. डोळा कुठे थांबतच नाही. पाचवीतल्या पोराने असं निसर्गचित्र काढलं असतं तर डोंगर पुसून परत काढायला लावला असता मी.

भाची: डोंगर पुसल्याने कागद मरत नाही, मामा.

मामा: मासे बादलीत ठेवीन की. दोन तासांचं काम. रविवारी सकाळी सुरू केलं की जेवायच्या आत होतंय.

भाची: मी माशांचं बोलतच नाहीये. मला काळजी खडकाची आहे. मासा खातो आणि अमोनिया सोडतो. खडकावर बसलेले एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. आत खोलवर, प्राणवायू पोचत नाही अशा छिद्रांत आणखी काही जाती आहेत, त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. तुमचा खरा फिल्टर म्हणजे तो खडक. मागे लटकवलेला डबा नुसता मदतनीस.

मामा: डबा विकणाऱ्याने असं काही सांगितलं नव्हतं.

भाची: तो कशाला सांगेल? ली चिन एंग म्हणून जाकार्ताचे एक गृहस्थ होते. समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी कशी चालते, हे त्यांनी १९६१ मध्ये लिहून ठेवलं. तेव्हा बाकीचे लोक खडक आणि प्रवाळांचे सांगाडे ब्लीचमध्ये धुऊन पांढरेशुभ्र करून ठेवत होते. तुम्हाला आत्ता तेच करायचंय, फक्त ब्लीच नाही वापरणार.

मामा: धुवायचं कोण म्हणतंय? जागा बदलायची म्हणतोय मी.

भाची: सगळे खडक एका दिवसात उपसून नवे, कोरडे घातले तर जीवाणूंची फौज गेली आणि माशांचं खाणं तेवढंच राहिलं. गोड्या पाण्याच्या टाकीत पीएच सातच्या आसपास असला तर बराचसा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, त्याने फारशी इजा होत नाही. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर, ८.१ ते ८.३. तिथे थोडासा अमोनियाही मासे आणि कोळंबी दोघांना महागात पडतो. सगळ्यात आधी कोळंबी जाईल तुमची.

मामा गप्प बसले, पण तेवढ्यापुरतेच. त्यांच्याकडे दुसरं हत्यार होतं, आणि माझ्या मते या सगळ्या वादातलं सगळ्यात धारदार तेच होतं.

मामा: बरं, तुझे जीवाणू राहू दे बाजूला. इकडे ये. हा डावीकडचा मागचा कोपरा बघ. इथे रंग मेलाय. बाकी खडकावर जांभळट छटा आहे, इथे तपकिरी, आणि खाली ती लालसर साय. मी नुसत्या डोळ्यांनी बघतो, सूक्ष्मदर्शक नाही माझ्याकडे. पण जिथे चित्र बिघडलंय तिथेच काहीतरी सडतंय, एवढं मला कळतंय.

तिने मोबाइलचा दिवा लावला. मग औषधाची मोठी सिरिंज घेतली, सुईशिवायची, टाकीतलं पाणी तिच्यात भरलं आणि भिंतीमागच्या फटीत जोरात सोडलं. तपकिरी गाळाचा ढग उठला. आम्ही तिघं बघत राहिलो. समोरच्या बाजूला वेव्हमेकर चालू होता, तिथले कण सर्रकन वाहून जात होते. कोपऱ्यातला ढग मात्र उठला तिथेच घुटमळला आणि परत त्याच फटीत बसला.

भाची: इथे पाणी फिरतच नाही.

मामा: तेच तर सांगतोय कधीपासून.

भाची: तुम्ही ‘वाईट दिसतंय’ म्हणत होता.

मामा: मग दुसरं काय म्हणू? माझी भाषा तीच.

इथे बायको अर्धी वळली. खडक भिंतीसारखे रचले की मागे पाणी अडतं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं तिथे साठून कुजतं आणि लालसर सायीसारख्या सायनोबॅक्टेरियांना बसायला बरी जागा मिळते. मऊ प्रवाळांच्या टाकीतही ताशी टाकीच्या दहा-वीस पट पाणी फिरावं असं सांगतात. मामांचा पंप तेवढं फिरवतही होता, पण नुसतं पुढच्या अंगणात. त्यामुळे मोडायचं की नाही हा प्रश्न मिटला आणि कसं व किती दिवसांत यावर गाडी आली. भांडण संपलं असं मात्र कुणी समजू नये.

मामांनी स्केचबुक काढलं. दोन बेटं: डावीकडचं उंच, उजवीकडचं बसकं आणि पुढे आलेलं. मधून वाळूची वाट, मागे जाताना अरुंद होत जाणारी, म्हणजे दीड फुटाची खोली जास्त भासते. शेंडा पाण्याच्या दोन तृतीयांश उंचीच्या वर नाही. चित्र खरंच सुंदर होतं. बायकोने पेन्सिल मागून घेतली.

भाची: बेट काचेपासून तीन बोटं लांब हवं, चारी बाजूंनी. चुंबकाचा ब्रश फिरायला हवा आणि पाणीही. दुसरं म्हणजे खडक वाळूवर ठेवायचा नाही. आधी तळाच्या काचेवर टेकवायचा, मग भोवती वाळू. उद्या तुम्ही वाळू उकरणारा गोबी मासा आणलात तर तो पाया पोखरेल आणि तुमचं उंच बेट काचेवर आडवं होईल.

मामा: आणि ही कमान? हिच्याखालून क्लाउनफिश गेला की काय दिसेल!

भाची: ठेवा की. पाणीही तिच्याखालूनच जाईल. पण नुसता तोल सांभाळून रचू नका, पुट्टीने पक्की करा. मत्स्यालयाची इपॉक्सी मिळते, पाण्याखाली घट्ट होते.

मोबाइलवर हल्ली ज्या टाक्यांचे फोटो फिरतात त्यांत दोन सुळके, मध्ये मोकळं पाणी आणि पांढरी वाळू असते. मामांच्या डोक्यात ते बसलेत. माझं आपलं निरीक्षण असं की त्या फोटोंतल्या बहुतेक टाक्या नव्याकोऱ्या असतात. तिसऱ्या वर्षी त्याच सुळक्यांवर काय उगवलंय, ते कुणी दाखवत नाही. शिवाय खडक कमी म्हणजे जीवाणूंना जागा कमी. भाचीने त्यावर तोड सुचवली: काढलेल्या खडकांतले दोन-तीन फोडून मागच्या डब्यात, अंधारात ठेवायचे. दिसणार नाहीत, पण काम करत राहतील.

मग नव्या दगडाचा विषय निघाला आणि मामा एकदम साताऱ्याचे झाले.

मामा: मला जांभा हवाय. यवतेश्वरच्या वर, कासच्या रस्त्याला जो दिसतो तो. रंग बघ त्याचा! छिद्रंही भरपूर, तुझे जीवाणू खूश होतील. नाहीतर अजिंक्यताऱ्याचा काळा पाषाण आहेच.

भाची: जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरलेली असतात. गोड्या पाण्यातल्या वनस्पतींच्या टाकीत वाळूखाली जांभा घालतात, कारण मुळांना लोह मिळतं. इथे मुळं नाहीत, शेवाळ आहे, तेही लोहावर खूश असतं. शिवाय तो भुगा सोडतो. काळ्या पाषाणाला छिद्रं फारशी नाहीत आणि वजनाने तुमच्या टाकीचा तळ जाईल. आणि कासच्या पठारावरून दगड उचलायचाच नाही. वनखात्याची जमीन आहे, २०१२ पासून जागतिक वारशात आहे.

मामा: पठारावरून नव्हे, रस्त्याकडेचा म्हणतोय.

भाची: रस्त्याकडेचाही नको. भाजलेले सिरॅमिकचे खडक मिळतात, हलके आणि सच्छिद्र. समुद्रातून काही ओरबाडून आणलेलं नसतं. सुरुवातीला पांढरे दिसतील, वर्षभरात रंग धरतील.

मामा: वर्षभर मी ते पांढरं बघत बसू?

पांढऱ्याची तक्रार करणाऱ्या मामांनी पुढच्याच वाक्यात उंच बेटाच्या शेंड्यावर फांद्या असलेलं निळसर कठीण प्रवाळ मागितलं. मुंबईत कुणीतरी देतं म्हणे, बिलाशिवाय.

भाची: बिलाशिवाय का देतो, विचारलंत? कठीण सांगाड्याची, रीफ बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखेही. वाघ ज्या अनुसूचीत त्याच. समुद्रघोडाही तिथेच. तुमच्याकडचे झोअँथिड, मश्रूम, लेदर हे मऊ प्रकार त्या गटांत येत नाहीत. तेवढ्यावर थांबा.

मामा: दोन इंचाच्या फांदीने समुद्राचं काय जातंय?

भाची: तुमच्या आवडत्या गॉसने हेच म्हटलं असतं.

मामांना फिलिप हेन्री गॉस माहीत आहे तो त्याच्या रंगीत चित्रांमुळे. इंग्लंडमधला हा निसर्ग-अभ्यासक. त्याचं ‘द ॲक्वेरियम’ १८५४ मध्ये आलं आणि घरोघरी समुद्र ठेवायची लाट आली. लोक बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि खडकांमधली कुंडं रिकामी करून गेले. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या ‘फादर अँड सन’मध्ये त्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. बापाने प्रेमाने चितारलेल्या जागाच बापाच्या वाचकांनी उजाड केल्या.

मामा: गॉसला सगळा किनारा मोकळा होता. आपल्याकडे मुळात आहे किती?

भाची: म्हणूनच सांगते. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास थोडी प्रवाळं आहेत. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून शंभर-एक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. आणि मुंबईत, विश्वास बसणार नाही, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर. कोस्टल रोडच्या कामात २०२० मध्ये तिथल्या १८ वसाहती हलवल्या. वनखात्याची परवानगी लागली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मार्गदर्शन घ्यावं लागलं.

मामा: बघ! सरकारने रस्त्यासाठी मांडणी बदललीच की. मग मी घरातली बदलली तर काय बिघडलं?

भाची: त्यांनी १८ वसाहतींसाठी जेवढी कागदपत्रं केली, तेवढी तुम्ही एका फांदीसाठी करणार का?

या मुद्द्यावर मामांचा प्रश्न मला खोचक वाटला, आणि उत्तर तितकंसं पुरेसं नाही. किनारा भरून रस्ता होतो तेव्हा प्रवाळांनी उठून जायचं, हे आपण चटकन मान्य करतो. घरातल्या टाकीवाल्याला मात्र कायदा वाचून दाखवतो. तरी बायकोचं बरोबर आहे, कारण त्या बिलाशिवायच्या फांदीमागे अशा हजार फांद्या असतात आणि त्या कुठल्या खडकावरून तोडल्या, हे दुकानदारही सांगू शकत नाही.

चहा आला. मामींनी एवढंच विचारलं की या खेळात त्यांचं पातेलं लागणार आहे का. प्रश्नाला इतिहास असावा, कारण बायको एकदम सावध झाली.

भाची: मामा, जुने खडक उकळणार नाही ना तुम्ही?

मामा: नको असलेला एखादा. त्या बटणांनी भरलाय तो. उकळला की स्वच्छ.

भाची: ती बटणं झोअँथिड आहेत. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, अत्यंत जहाल. असे खडक उकळून वाफ छातीत गेल्यामुळे परदेशात अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेली आहेत. उकळायचं नाही, कोरडं घासायचं नाही, गरम पाणी ओतायचं नाही. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि हाताला जखम असेल तर त्या दिवशी टाकीला हातच लावायचा नाही.

मामी पातेलं घेऊन आत गेल्या.

त्यानंतरचं बोलणं वेळापत्रकाचं होतं. ते मी आटोपतं घेतो, पण त्यातला एक मुद्दा सांगलीच्या माणसाला सोडवत नाही. आमच्या मिरज, पलूस, वाळव्याकडे ऊस पाणी पिऊन पिऊन जमिनी क्षारपड झाल्या. खालचं पाणी वर आलं, उन्हाने उडालं आणि मीठ मागे राहिलं. टाकीत नेमकं हेच होतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. मोजून ३५ ठेवलेली क्षारता उन्हाळ्यात, पंखा लावून आठवडाभर गावाला गेलात की ३७ च्या वर जाते. म्हणून रोजची तूट आरओच्या गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्या नव्हे. मामा खारं पाणी घालत होते, तेही गुहागरहून कॅन भरून आणलेलं. कुंभार्ली घाट चढून पावसाळ्यात आणलेलं पाणी नद्यांच्या पुराने पातळ आणि गढूळ झालेलं असतं, हे त्यांना पटवायला क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवरचा एक थेंब पुरला. आता पाणी बदलायला वीस लिटर आरओ आणि त्यात सातशे ग्रॅमच्या वर समुद्री मिश्रणाचं मीठ. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात ना कॅल्शियम ना पुरेसं मॅग्नेशियम.

वाळूवरून दोघांची खडाजंगी झाली.

मामा: वाळू सगळी काढून धुऊन घालतो. पिवळी पडलीय.

भाची: मागच्या कोपऱ्यात ती चार बोटं जाड साठलीय. तिथे हात घालाल तर सडक्या अंड्याचा वास येईल, तो हायड्रोजन सल्फाइड. तो आणि सगळा गाळ एकदम पाण्यात सुटला की संपलं. वाळू नळीने खेचून काढायची, एका वेळी एक पट्टा, आणि काढलेली परत घालायची नाही. नंतर दोन बोटं जाडीची नवी पसरायची.

मामा: म्हणजे सहा महिने माझी टाकी अर्धी विटकी, अर्धी नवी.

भाची: सहा नाही. एक तृतीयांश आता, मग अमोनिया रोज तपासायचा. शून्यावर स्थिर राहिला की तीन-चार आठवड्यांनी दुसरा भाग. खडक बाहेर असताना टबात, त्याच क्षारतेच्या पाण्यात, पंचवीस-सव्वीस अंशांवर, आत छोटा पंप चालू. आणि शेंड्यावर चढवलेल्या प्रवाळांना एकदम पूर्ण उजेड नाही. सावलीत वाढलेलं वर नेलं की ते आतलं शेवाळ टाकून पांढरं पडतं. दिवा निम्म्यावर आणा, दर आठवड्याला थोडा वाढवा.

मामा: चित्र असं तुकड्या-तुकड्यांनी होत नाही, पोरी. एक रेघ चुकली तर बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं.

भाची: मग स्केच पूर्ण करा आज. रेघ आजची, खडक हळूहळू.

मला विचाराल तर मामांची चूक फक्त घाईत आहे. मांडणी बदलायलाच हवी होती, आणि ती गरज आधी दिसली ती चित्रकाराला. भाचीने नायट्रेट मोजलं असतं, पण तो कोपरा तिने पाहिला नसता. चाचणीच्या नळीतलं पाणी टाकीच्या पुढच्या बाजूनेच घेतलं जातं. दुसरीकडे, तिच्याशिवाय मामांनी रविवारी दुपारपर्यंत देखणी, मेलेली टाकी उभी केली असती. माशांच्या बाबतीत तर तिने मामांच्या बाजूने एक डाव टाकला. क्लाउनफिशच्या मादीने लेदर प्रवाळाभोवतीची जागा आपली मानलीय आणि मामांना तिसरा मासा हवाय. मांडणी बदलली की जुन्या हद्दी पुसल्या जातात. नवा पाहुणा सोडायचा तर शेवटच्या टप्प्याच्या संध्याकाळी, दिवे मालवल्यावर. मामा खूश.

काम दिवाळीनंतर सुरू होईल. साताऱ्यात तेव्हा पाणी तापत नाही आणि पावसाळ्यासारखी वीज जात नाही. तोवर बॅटरीचा एक एअर पंप घेऊन ठेवायचा, हेही ठरलं.

निघताना मामांनी शोकेस उघडलं. आत पांढरं, फुलकोबीएवढं प्रवाळ. मामींच्या भावाने कधीकाळी रामेश्वरहून आणलेलं.

मामा: हे तरी ठेवू का बसक्या बेटावर? हे काही जिवंत नाही, बिलाचाही प्रश्न नाही.

भाची: सांगाडा असला तरी पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचाच आहे. टाकीत नको. आणि २००३ मध्ये घरातल्या अशा वस्तू सरकारकडे जाहीर करायला मुदत दिली होती.

मामा: मला कुणी कळवलं होतं?

भाची: आता वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा, पुढे काय करायचं ते.

मामी: माझ्या भावाने आणलंय ना, मग भावालाच पाठवते.

मामा: तो जाईल गं. पण तिथे आपलं नाव सांगणार नाही, माझं सांगून येईल.